'माण' म्हणताना तोंडात काय घडतं?

एक छोटा प्रयोग करून बघा. नाक चिमटीत घट्ट धरा आणि 'माण' म्हणा. ऐकू येईल ते 'बाड'सारखं काहीतरी. सर्दी झालेल्या माणसाचं 'मामा' हे 'बाबा' का होतं, याचं उत्तरही याच प्रयोगात आहे. म आणि ब म्हणताना ओठ अगदी सारखेच मिटतात. फरक पडतो तो घशाच्या वर, पडजीभ जिथे लोंबते त्या मऊ टाळूमुळे. म साठी ती खाली येते आणि हवेला नाकाची वाट मोकळी करते, ब साठी वर उचलली जाऊन ती वाट बंद करते. ण आणि ड ची जोडीही तशीच. नाक धरलं की वाट बाहेरूनच बंद झाली, मग टाळूने कितीही दार उघडलं तरी उपयोग नाही.

सातारा जिल्ह्यातल्या या दुष्काळी तालुक्याचं नाव इंग्रजी अक्षरांत लिहिलं की एम-ए-एन होतं आणि परका माणूस ते सरळ 'मॅन' असं वाचतो. आ गेला, ण गेला. ण साठी जिभेचा शेंडा मागे वळवून टाळूला लावावा लागतो आणि इंग्रजीत ही हालचाल शिकवलीच जात नाही. म्हसवडची गत आणखी वाईट. 'म्ह' हा आपल्याला एकच ध्वनी वाटतो. ओठ मिटलेले, नाकाची वाट उघडी आणि त्याच वेळी घशातून हवेचा सैल झोत. इंग्रज माणूस त्याचे दोन तुकडे करून 'महसवड' म्हणतो. आपण त्याला हसत नाही, परक्या माणसाला कसं जमेल, असं म्हणून सोडून देतो. हीच सवलत दहिवडीच्या, म्हसवडच्या किंवा आटपाडीच्या पोराला मात्र मिळत नाही. तो 'इस्कूल' म्हणाला की वर्ग हसतो आणि घरच्यांना वाटतं, याची जीभ जड आहे.

जीभ जड असणं आणि उच्चार वेगळा असणं या दोन फार निराळ्या गोष्टी आहेत. त्या कळायला आधी आवाज तयार कसा होतो ते पाहू.

बोलण्याला लागणारं इंधन म्हणजे श्वास, तोही बाहेर जाणारा. गप्प बसलेले असताना आपण श्वास घेण्यात आणि सोडण्यात जवळपास सारखाच वेळ घालवतो. बोलू लागलो की हे गणित बदलतं. पटकन घोटभर हवा आत घ्यायची आणि ती जपून, सावकाश, वाक्य संपेपर्यंत पुरवायची. बरगड्यांमधले आणि पोटाचे स्नायू हे काम आपल्या नकळत करतात. म्हणून तर व्यायाम करताना सलग बोलता येतंय का, यावरून डॉक्टर दमाचा अंदाज घ्यायला सांगतात. चालताना गप्पा मारता येतात, जोरात पळताना दोन शब्दही जड होतात, कारण फुप्फुसांना दोन मालकांची चाकरी एकदम करता येत नाही.

ही हवा वर येते ती गळ्यातल्या स्वरयंत्रात. पुरुषांच्या गळ्यावर जो उंचवटा दिसतो, त्याच्या आत दोन मऊ स्वरपट्ट्या असतात. मोठ्या माणसातही त्यांची लांबी दीड-दोन सेंटिमीटरच्या आसपासच. त्या एकमेकींजवळ आल्या आणि खालून हवेने रेटा दिला की त्या फडफडतात. पुरुषाच्या बोलण्यात सेकंदाला साधारण 100 ते 125 वेळा, बाईच्या 200च्या आसपास, लहान मुलाच्या त्याहूनही जास्त. गळ्यावर दोन बोटं ठेवून लांबवर 'स्‌‌‌‌‌स' म्हणा, काही जाणवणार नाही. आता 'म्‌‌‌‌‌म' म्हणा, बोटांखाली मधमाशी गुणगुणल्यासारखं वाटेल. क आणि ग, त आणि द, प आणि ब या जोड्यांमध्ये मुख्य फरक एवढाच. तोंड तेच, जीभ तीच, फक्त खाली पट्ट्या थरथरतात की नाही.

जिवंत माणसाच्या या पट्ट्या बोलताना कशा हलतात, हे नीट पाहिलं ते एका गाणं शिकवणाऱ्याने. मान्युएल गार्सिया हा स्पॅनिश गायनशिक्षक. 1854 साली त्याने दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर उजेड पाडला आणि स्वतःच्याच स्वरपट्ट्या पाहिल्या. कान-नाक-घसा तज्ज्ञ आजही तसा आरसा वापरतात. गंमत अशी की टॉन्सिल बघायचे असतील तर डॉक्टर 'आ' म्हणायला लावतात, कारण तेव्हा जीभ सगळ्यात खाली असते. स्वरपट्ट्या बघायच्या असतील तर 'ई' म्हणायला सांगतात, कारण 'ई' म्हणताना जिभेचं मूळ पुढे सरकतं आणि खालचा रस्ता दिसतो. म्हणजे स्वर हा जिभेच्या बैठकीचाच पत्ता असतो. ई-आ-ऊ असं ओळीने म्हणा आणि जबडा, जीभ, ओठ कसे सरकतात ते बघा.

पट्ट्यांमधून निघालेला आवाज नुसता भुणभुणाट असतो. त्याला अक्षराचा आकार मिळतो तो वर, तोंडात. तो कुठे मिळतो याचा नकाशा आपण पहिलीतच पाठ केलेला असतो, फक्त तो नकाशा आहे हे कुणी सांगत नाही. क-ख-ग जिभेच्या मागच्या भागाने, मऊ टाळूपाशी. च-छ-ज थोडं पुढे. ट-ठ-ड जिभेचा शेंडा वर वळवून. त-थ-द दातांवर. प-फ-ब ओठांवर. घशापासून ओठांपर्यंत पायरी पायरीने बाहेर. आडव्या ओळीतली दुसरी आणि चौथी अक्षरं हवेच्या जादा झोताची, तिसरी आणि चौथी पट्ट्या थरथरणारी, पाचवी नाकाची. शरीर फाडून न बघता, नुसतं स्वतःच्या तोंडाकडे लक्ष देऊन आपल्या जुन्या व्याकरणकारांनी ही मांडणी केली. इंग्रजीची ए-बी-सी-डी याच्यापुढे अगदीच विस्कळीत. तिथे शेजारच्या अक्षरांचा तोंडात काहीही संबंध नसतो.

तरीही नकाशात सगळं मावत नाही. दुष्काळात छावणीवर मिळणारा 'चारा' आणि आकड्यातले 'चार' म्हणून बघा. लिहिताना च एकच, पण चाऱ्याचा च दातांमागे उमटतो, चारचा टाळूवर. 'माझा' म्हणताना झ दातांपाशी असतो आणि 'माझी' म्हणताच मागे टाळूवर सरकतो, कारण पुढे येणाऱ्या ई साठी जीभ आधीच वर निघालेली असते. हे आपल्याला कुणी शिकवलं नाही. सेकंदाला दहा-पंधरा ध्वनी काढायचे तर जिभेला पुढच्या अक्षराची तयारी आधीपासूनच करावी लागते आणि ती करते.

येष्टी, ब्यांक आणि तिकीट

आता इंग्रजीकडे वळू. इंग्रजी टी म्हणताना जिभेचा शेंडा वरच्या दातांमागे, हिरडीचा जो उंचवटा लागतो त्यावर टेकतो. आपला त त्याच्या पुढे, थेट दातांवर. आपला ट त्याच्या मागे. म्हणजे इंग्रजी टी नेमका आपल्या त आणि ट च्या मधल्या जागेत बसतो आणि त्या जागेसाठी मराठीत अक्षर नाही. मग कानाला निवड करावी लागते. बहुतेक वेळा तो ट निवडतो. टेबल, बाटली, पलटण. पण इंग्रजी 'टिकट'चं मराठीत 'तिकीट' झालं. एकाच शब्दातला एक टी दातांकडे गेला, दुसरा टाळूकडे. अडचण कानाची होती, हे दाखवायला हा एक शब्द पुरे.

'येष्टी'लाही लोक हसतात, पण त्यात जिभेचा हिशेब चोख आहे. पुढे ट येणार म्हणून जीभ वर वळायला लागते आणि वाटेतल्या स ला सोबत ओढून ष करून टाकते. कष्ट, नष्ट, दुष्ट या संस्कृत शब्दांतही ट च्या जोडीला ष च असतो, स नाही. दहिवडीच्या स्टँडवर उभी असलेली म्हातारी 'येष्टी' म्हणते तेव्हा ती तोच जुना नियम पाळत असते.

ब्यांकेचंही तसंच. म्हसवडला 1997 साली माणदेशी महिला बँक सुरू झाली आणि गावोगावच्या बायकांच्या तोंडी तो शब्द रुळला. इंग्रजीतला 'ॲ' हा स्वर मराठीत मुळात नव्हता. त्यासाठी जीभ पुढे ठेवायची आणि तरी जबडा उघडायचा. आपल्याकडे जीभ पुढे असणारा य होता, जबडा उघडणारा आ होता. बोलीने दोन्ही जोडले आणि 'ब्या' केला. म्याच, ब्याट, ब्यांक. घरात नसलेली वस्तू घरातल्याच दोन वस्तू जोडून केली. यात अडाणीपणा कुठे आहे?

'इस्कूल'मागचं कारणही असंच साधं. स आणि क हे दोन व्यंजन सुरुवातीलाच एकत्र म्हणायचे तर आधाराला स्वर नाही. बोलीची जीभ पुढे एक इ टाकून आधार घेते. स्टूलचं इस्टूल, स्टोव्हचा इस्टो.

मला सगळ्यात गंमत वाटते ती व ची. इंग्रजीत व्ही आणि डब्ल्यू हे दोन वेगळे ध्वनी. व्ही साठी खालचा ओठ वरच्या दातांना लावून हवा घासत सोडायची. डब्ल्यू साठी दात बाजूला ठेवून दोन्ही ओठांचा चंबू करायचा. आपला व या दोन्हींच्या मधला, ओठ दाताजवळ येतो पण घासत नाही. म्हणून मराठी माणसाच्या तोंडी जनावरांचा 'व्हेट' आणि ओला 'वेट' एकच होऊन जातात. पण मराठी लेखनाने यावर तोडगा काढला आहे. व्हॅन, व्होट, व्हिडिओ यांत व ला ह जोडायचा, वॉटर आणि वायर यांत नुसता व. घासणाऱ्या हवेसाठी ह. आणि माणदेशी बोलीत तर हा ध्वनी घरचाच आहे. 'होय'ला 'व्हय' आणि 'होता'ला 'व्हता' म्हणणाऱ्याला व्ही शिकवताना मास्तरांनी एवढंच सांगावं, 'व्हय म्हणतोस ना, तसंच सुरू कर आणि ओठ दाताला जरा जास्त लाव.' दुसरीकडे याच बोलीत विळ्याचा 'इळा' होतो, वेळेची 'येळ' होते, कारण इ आणि ए साठी ओठ फाकतात आणि व साठी त्यांना जवळ यावं लागतं. ओठ एकाच वेळी दोन्ही करू शकत नाहीत, तेव्हा व मागे पडतो.

उलट बाजूही पाहायला हवी. तोंडासमोर कागदाचा पातळ कपटा धरून 'पाणी' म्हणा, कागद जेमतेम हलेल. इंग्रज माणूस 'पेन' म्हणतो तेव्हा कागद उडतो, कारण त्याच्या शब्दारंभीच्या प मध्ये हवेचा झोत असतो, जवळपास आपल्या फ इतका. आपला बिनझोताचा प त्याला पुष्कळदा ब सारखा ऐकू येतो. इंग्रजी बोलताना खरोखर समजण्यात घोळ होतो तो अशा ठिकाणी, आणि त्याहून जास्त शब्दावरच्या जोरात. 'फोटोग्राफ' म्हणताना इंग्रजी जोर पहिल्या अवयवावर देते, 'फटॉग्रफर' म्हणताना दुसऱ्यावर, आणि उरलेले स्वर आवळून टाकते. मराठीत प्रत्येक अक्षराला जवळपास सारखा मान. 'थिंक'मधला थ दातांत जीभ धरून काढला नाही म्हणून कुणाचं काही अडत नाही. जोर चुकला तर ऐकणारा गोंधळतो. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, पण स्पेलिंगच्या पाठांतरात हा जोर कुठे शिकवलेला दिसत नाही.

कान आधी, जीभ नंतर

लहान मूल सगळं कसं पटकन उचलतं? खानापूर, आटपाडी, माण भागातली गलाईची माणसं सोने-चांदी गाळण्याच्या कामासाठी तमिळनाडू-केरळपर्यंत पसरली आहेत. तिकडे वाढलेली त्यांची मुलं तिथली भाषा तिथल्या मुलांसारखी बोलतात आणि जत्रेला गावी आली की आजीशी मराठी. त्यांच्या आईबापांना मात्र वीस वर्षं राहूनही ते ध्वनी जमत नाहीत.

याचं उत्तर कानात आहे. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या कॅनडातल्या संशोधकांनी 1984 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी वापरलेले ध्वनी आपल्या ओळखीचे, हिंदीतले त आणि ट. इंग्रजी बोलणाऱ्या घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हा फरक कळत होता. त्याच भाषेतल्या मोठ्या माणसांना तो कळत नव्हता. आणि दहा-बारा महिन्यांच्या बाळांमध्येही ती ओळख बरीच ओसरलेली होती. म्हणजे पहिला वाढदिवस येईपर्यंत बाळाचा कान घरच्या भाषेला बसलेला असतो. बोलायला लागण्याच्या आधीच. अर्थात पुढे काहीच शिकता येत नाही असं नाही, पण मग ऐकून ऐकून आणि मुद्दाम शिकावं लागतं.

म्हणूनच मूल बोलत नसेल तर पहिली शंका जिभेवर घेऊ नये, कानावर घ्यावी. आपल्याकडे उलटं होतं. जीभ जड आहे, वेखंड चाटवा, जिभेखालचा दोरा कापून आणा. जिभेखालचा दोरा आखूड असला तर दूध ओढताना त्रास होऊ शकतो, एखाद-दुसऱ्या उच्चारातही अडचण येऊ शकते, पण मूल बोलायलाच लागत नाही याचं ते कारण सहसा नसतं. वर्षाच्या आतल्या बाळाला वेखंडाबरोबर मध देणं तर धोक्याचंच. न ऐकणारं बाळही सुरुवातीला हुंकारतं, आवाज काढतं, त्यामुळे घरच्यांना वाटतं सगळं ठीक आहे. 'बा-बा-बा', 'दा-दा-दा' अशी साखळी सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान यायला हवी, ती येत नाही तेव्हा सावध व्हावं. वर्षभराच्या आसपास एखादा शब्द, दोन वर्षांचं होईतो 'आई दे', 'बाबा गेले' असे दोन शब्द जोडून बोलणं. हे होत नसेल तर 'याचे वडीलही उशिराच बोलले' म्हणून थांबू नये.

नवजात बाळाची श्रवणचाचणी काही मिनिटांत होते, बाळाला काही टोचावं लागत नाही. शंका आली तर बेरा नावाची पुढची चाचणी आहे. तज्ज्ञांचा आग्रह असा की पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत श्रवणयंत्र किंवा इतर उपचार सुरू व्हावेत. याचं कारण वर आलंच आहे, कान घरच्या भाषेला बसण्याचा काळ तोच असतो. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था खास याच कामासाठी आहे, पण सुरुवात जवळच्या उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयातूनही करता येते. मोठ्या मुलांत कान वाहणं हे ऐकू कमी येण्याचं नेहमीचं कारण. वाहत्या कानात गरम तेल सोडायची पद्धत आजही घराघरात आहे. ती बंद व्हायला हवी.

दुसरी अडचण टाळूची. सुरुवातीच्या प्रयोगात आपण नाकाची वाट बंद करून पाहिली. दुभंगलेला टाळू घेऊन जन्मलेल्या बाळात उलटं घडतं. ती वाट बंदच करता येत नाही. दूध नाकातून येतं, पुढे बोलताना हवा नाकातून निसटते आणि प, ब, त, द हे दाबून सोडायचे ध्वनी नीट बनतच नाहीत. हवा कोंडायला बंद खोली हवी आणि इथे छपरालाच भोक. टाळूची शस्त्रक्रिया साधारण वर्षाच्या आसपास, बोलणं सुरू होण्याच्या सुमाराला करतात. ती लांबली तर मूल चुकीच्या जागी, घशात ध्वनी काढायला शिकतं आणि ती सवय मोडायला वाचा उपचारतज्ज्ञाबरोबर पुष्कळ मेहनत घ्यावी लागते. ओठ शिवून चेहरा चांगला दिसायला लागला की काही घरं टाळूचं पुढे ढकलतात. असं करू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळेत येणारं आरोग्य पथक अशी मुलं शोधतं आणि त्यांच्या शस्त्रक्रियेची मोफत सोय होते. गरोदर बाईने ग्रहणात काही चिरलं म्हणून बाळाचा ओठ चिरला, असं सांगून तिलाच दोष देणारे लोक अजून भेटतात. ग्रहणाचा याच्याशी काहीही संबंध नाही.

आता बोलणाऱ्या मोठ्यांचं. मार्गशीर्षात म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघतो, गुलालात न्हालेल्या गर्दीत दिवसभर 'चांगभलं'चा गजर चालतो आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्या गावाचा आवाज बसलेला असतो. एकमेकींवर हजारो वेळा आपटून स्वरपट्ट्या सुजतात. सुजलेली पट्टी जड होते, सावकाश आणि वेडीवाकडी हलते, म्हणून आवाज जाडा आणि फाटका येतो. यावर उपाय म्हणजे पाणी आणि दोन-तीन दिवस कमी बोलणं. कुजबुजणं ही विश्रांती नव्हे, त्यातही पट्ट्यांवर ताण येतो. हळू पण नेहमीच्या आवाजात बोलावं, आणि सारखा घसा खाकरू नये. शिक्षक, बाजारात ओरडून माल विकणारे, कीर्तनकार यांना वर्षानुवर्षांच्या ताणाने पट्ट्यांवर गाठी येतात. त्या आवाजाच्या व्यायामाने पुष्कळदा बऱ्या होतात.

जत्रा नाही, सर्दी नाही आणि तरी आवाज बसला आहे, आणि तीन आठवडे झाले तरी सुटत नाही, असं असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन पट्ट्या बघून घ्याव्यात. बिडी ओढणारे, तंबाखू खाणारे आणि मिश्री लावणाऱ्या बायका यांनी तर एक दिवसही पुढे ढकलू नये. स्वरयंत्राच्या कर्करोगाचं पहिलं लक्षण बऱ्याचदा एवढंच असतं, न दुखणारा, बसलेला आवाज. लवकर सापडला तर तो बरा होतो आणि आवाजही पुष्कळ वेळा वाचतो. तपासणीला पाच मिनिटं लागतात. डॉक्टर जीभ बाहेर धरतील आणि म्हणतील, 'ई म्हणा.'